एफीचं प्रभुभोजन

स्कॉटलंडजवळच्या आमच्या लुईस बेटावर प्रभुभोजन वर्षातून दोनदा. गुरुवार ते सोमवार गाव पाहुण्यांनी भरून जातं, आणि त्यातले निम्मे एफीच्या घरी. खारवलेले हेरिंग, बटाटे, मटणाचं सूप. रविवारी कामाला हात लावायचा नाही, म्हणून विहिरीचं पाणीसुद्धा शनिवारीच भरून ठेवायचं. पाहुण्यांना गाद्या देऊन ही बाई स्वतः बाकावर निजायची. प्रार्थनेला बसली की तासभर हलायची नाही. पण प्रभूच्या मेजाशी बसून भाकरी आणि द्राक्षारस घेणं? छे. पन्नास वर्षं ती चर्चमध्ये मागच्या बाकावरच.

विसाव्या वर्षी, लग्नाआधीच, तिला रुआरी झाला. त्याचा बाप जहाजावर गेला तो गेला. रुआरीला तिनं एकटीनं वाढवलं, आणि पंचविशीत समुद्रानं त्यालाही नेलं.

सत्तरी उलटली, छातीचं दुखणं बळावलं, तेव्हा मला म्हणाली, "पेगी, मरायच्या आधी एकदा तरी मेजाशी बसायचंय गं."

त्यासाठी शनिवारी चर्चच्या वडील मंडळींपुढे उभं राहून, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन, परवानगीचा शिशाचा बिल्ला मिळवावा लागतो. त्या मंडळींत सगळ्यांत कडक कोण, तर माझाच नवरा, मुर्डो.

एफी रिकाम्या हातानं परतली.

"काय विचारलं त्यांनी?"

"पश्चात्ताप झाला का म्हणाले. म्हटलं, झाला, जन्मभर रडलेय. मग मुर्डो म्हणाला, 'तो दिवस परत आला, तर पुन्हा तसंच वागशील?' म्हटलं, नाही वागले तर माझा रुआरी कुठून येणार?"

घरी मी मुर्डोला धारेवर धरलं. "पोर गमावलेल्या बाईला असं विचारतात होय रे, दगडा?"

तो म्हणाला, "पाप झालं नसतं तर बरं, एवढंही जिला म्हणवत नाही, तिचा पश्चात्ताप कसला? नियम मी नाही केला, पेगी."

वाईट माणूस नव्हे हो तो. रुआरीला शोधायला तीन दिवस बोट घेऊन फिरला होता, तो हाच. त्यानंच तर माझं डोकं जास्त फिरतं.

पुढच्या प्रभुभोजनापर्यंत एफीला चर्चचा चढ आधाराशिवाय चढवेना. मीच तिच्या मागे लागले. "अगं, 'नाही वागणार' म्हणून टाक की. देवाला सगळं ठाऊक आहे. तुझं काय जातं?" माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. ती तसं म्हणाली, आणि बिल्ला मिळाला.

रविवारी पांढऱ्या कापडाच्या त्या मेजाशी ती माझ्या शेजारी बसली. भाकरीचं ताट आलं. मी तुकडा मोडून घेतला आणि ताट तिच्याकडे दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, बराच वेळ धरलं, आणि तसंच पुढच्या बाईकडे दिलं. पेलाही तसाच दिला. मुर्डोनं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

परतताना तिला दम लागला, म्हणून वाटेत दगडी कुंपणाला टेकून बसलो.

"खायचं तर फार मनात होतं गं," ती म्हणाली. "पण काल मी सगळ्यांसमोर कबूल केलं, रुआरी झाला नसता तर बरं होतं. पोटच्या पोराला नाकारून मिळालेला घास कुठल्या तोंडानं खाऊ?"

मी तर तिच्या शेजारी बसून माझा घास गिळलाही होता.