इव्रोजची फ्रेंच

"गुरवारी जेरेमी शहराला धाडतीया मी पोरीला. त्या बाईच्या घरी ऱ्हाईल, भांडी घासंल, पानी भरंल. पर खऱ्याखुऱ्या फ्रेंच शाळंत जाईल. तू मधी पडू नगंस, कोंपे."

"कोमे, डोस्कं फिरलंय का तुझं? बाजारातली वळख ती. तिच्या दावणीला पोटची पोर बांधतीस?"

"मग हितं ठिवून काय करू? आरं, तुझ्या शाळंत जाऊनबी पोर माझ्याशी बोलती तीच बोली शिकती. ती तर माझ्या शेळीलाबी कळती!"

मेरिलुस मास्तर शाळेच्या पायरीवर बसला होता. समोर इरामेन, डोक्यावर केळ्यांची पाटी तशीच. तिच्या पोरीला, इव्रोजला, बाप्तिस्म्याच्या वेळी मास्तरनंच हातावर धरलं होतं. तेव्हापासून तो इरामेनचा कोंपे, म्हणजे पोरीचा धर्मबाप, आणि ती त्याची कोमे. हैतीत हे नातं सख्ख्या भावाबहिणीहून कडक. म्हणूनच ती एवढं तोंड सोडून बोलत होती आणि तो ऐकत होता.

लहानपणी मेरिलुसलाही असंच एका घरी धाडलं होतं. पहाटे पाणी भरायचं, घरच्यांची घाण उचलायची, रात्री मेजाखाली गोणपाटावर पडायचं. उरलेल्या वेळात शाळा. कबरस्तानाच्या भिंतीकडेला येरझाऱ्या घालत तो फ्रेंच धडे घोकायचा. अर्थ? अर्थ कुणी विचारलाच नाही. घोकंपट्टीवर तो सहावी झाला, डोंगरात परतून मास्तर झाला, आणि जसं शिकला तसंच शिकवत राहिला. पोरं पोपटासारखी बोलायची आणि घरी जायची.

मग सरकारनं नवी रीत काढली. पहिली चार वर्षं पोरांना त्यांच्याच बोलीत शिकवायचं, फ्रेंच नंतर. शहरातल्या मास्तरांच्या शिबिराला मेरिलुस कपाळाला आठ्या घालून गेला आणि आला तो वारं प्यालेल्या वासरासारखा. त्याच्या वर्गात पोरं पहिल्यांदा हसली. "मास्तर, असं का?" म्हणू लागली. कैकदा त्याला उत्तर यायचं नाही. तरी त्याला वाटायचं, आता देशात काहीतरी होणार.

पण वरच्या वर्गांची पुस्तकं आलीच नाहीत. येतो म्हणालेला शाळाखात्याचा साहेबही आला नाही. आणि आया एकेक करून पोरं शाळेतून काढू लागल्या.

"फ्रेंच येनार हाय की फुडं," तो म्हणाला. "आदी पाया, मग माडी."

"माडीची पुस्तकं आली?"

"न्हाई."

"मग? माझ्या बापाचा मळा कोर्टात गेला, तवा जज कंच्या भाषेत बोलला? बाप नुसता 'व्हय सायब, व्हय सायब' करीत हुबा. कशाला व्हय म्हनतोय त्येचं त्येला ठावं न्हाई. मळा गेला. ही नवी रीत जजाला कवा शिकवनार हाईत? आन् मंत्र्याचं पोरगं शेळीच्या बोलीत शिकतंय का? सांग की!"

यावर शिबिरातही कुणी काही सांगितलं नव्हतं.

शेवटी त्यानं कुणापुढं काढत नसलेली गोष्ट काढली. "कोमे, म्या असल्या घरात ऱ्हायलोय. चिंचेचा फोक भिजवून मारायची बाई. खरकटं खाल्लंया म्या. पोरीच्या जातीला तर त्येच्याहून वंगाळ."

इरामेननं पाटी खाली ठेवली. त्याच्याकडं नीट बघितलं.

"पर मास्तर झालास न्हवं?" ती म्हणाली.

आत पोरांचा कलकलाट चालला होता. ओढ्याचं पाणी गढूळ का होतं यावर वाद पेटला होता, आणि सगळ्यांत वरचा आवाज इव्रोजचा.

"धाडू नगंस तिला," तो म्हणाला. "म्या फ्रेंच शिकवतो. जुन्या रीतीनं."

"समद्यास्नी?"

"समद्यास्नी. एकटीला शिकवली तर बाकीच्या आया मला जित्ता गाडत्याल."

"कवापास्नं?"

"सोमवारपास्नं."

"आजपास्नं. म्या हितं बसून ऐकते. मग सांगावा धाडते बाजारात, पोरगी येत न्हाई म्हनून."

मास्तर उठला. आत जाऊन त्यानं फळ्यावर काढलेला ओढा, त्याचे काठ, मातीचे बाण सगळं फडक्यानं पुसलं. त्यानं एक फ्रेंच ओळ लिहिली, वळणदार, लहानपणापासून हाताला बसलेली.

"मास्तर, म्हंजी काय?" इव्रोजनं विचारलं.

"आदी म्हना."

"पर म्हंजी काय?"

"म्हन, पोरी!"

इव्रोजनं एकदा दाराकडं पाहिलं. आई उंबऱ्यात बसली होती, मान डोलवत. पोरीनं मान खाली घातली आणि म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं, एका सुरात, अंग मागंपुढं झुलवत.

"परत," मास्तर म्हणाला, आणि कोपऱ्यातली जुनी छडी काखेत धरून दुसरी ओळ लिहायला खडू उचलला.