ग्रेडर साडू आणि वाचनालयाची कादंबरी

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात कशावरही पहिल्या फटक्यात विश्वास ठेवला नाही. स्वतःच्या लग्नात आंतरपाट खाली आला, तेव्हाही पाहिलेली मुलगी हीच ना, हे त्यांनी बहिणीला दोनदा विचारून घेतलं होतं. यवतमाळला कापूस खरेदी केंद्रावर ते मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते, म्हणजे संशय घेण्याचाच पगार मिळायचा. गाडीतला कापूस वरून पांढराशुभ्र दिसला की ते कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा ओलसर पुंजका बाहेर काढत, चिमटीत धागा ओढून पाहत, सरकी दाताखाली फोडत. आमच्याकडे जेवायला आले की वरणात पळी तळापर्यंत फिरवून मगच वाढून घेत. शेजाऱ्यानं नमस्कार केला तर दिवसभर एकच घोर, ‘यानं कायले केला असंन?’

पुढे बोंडअळीची आणि पडलेल्या भावांची वर्षं आली. शेतकरी मिळेल त्या भावात खाजगी व्यापाऱ्याला कापूस देऊन मोकळे होऊ लागले, केंद्रावर गाड्या येईनात, आणि साडू दुपारी बारालाच घरी परतू लागले. तपासायला कापूस उरला नव्हता, बायको होती. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तेव्हा वाचनालयातून आणलेली एक प्रेमकादंबरी वाचत होत्या. पंचेचाळिशीची एक बाई, अबोल झालेला संसार, आणि एके दिवशी घर सोडून स्वतःला शोधायला निघालेली ती, अशी काहीतरी गोष्ट. एका दुपारी साडू ते पुस्तक पिशवीत लपवून माझ्याकडे आले. एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती: ‘वीस वर्षांत मला काय वाटतं, हे कुणी विचारलंच नाही.’

“पाहा भाऊ,” ते म्हणाले, “हे खूण कोनाले दाखवाले केली असंन?”

वाचनालयाचं पुस्तक आहे, रेघ कुणाही बाईनं मारली असेल, असं मी सांगितलं. त्यावर ते जास्तच गंभीर झाले. “म्हणजे गावात अजून आहेत?”

मग त्यांनी ती कादंबरी चोरून अर्धी वाचली. ताई वाचायला बसल्या की समोर खुर्ची टाकून ते विचारत, कुठपर्यंत आली, हसली काहून, डोळे पुसले काहून. काही दिवसांनी ताई दुपारच्या बाहेर जाऊ लागल्या. साडू दोन दिवस थांबले आणि तिसऱ्या दिवशी मागोमाग गेले. ताई एसटी स्टँडवर शिरल्या, तेव्हा कादंबरीतली घर सोडून निघालेली बाईच त्यांना आठवली, असं त्यांनीच पुढे मला सांगितलं. ताई कोपऱ्यातल्या बाकावर बसून वाचत होत्या. शेजारी कोणी नव्हतं.

“कोनाची वाट पाहून राह्यली?” त्यांनी विचारलं.

“कोनाचीच नाही,” ताईंनी मान वर न करता सांगितलं. “घरी तुम्ही पानापानाले इचारता, म्हणून इथं बसतो. आज मात्र भावाकडे महागावले जावं वाटलं. दोन गाड्या सोडल्या. तिसरीत बसनार होती.”

साडूंनी आयुष्यात पहिल्यांदाच पुढचा प्रश्न गिळला. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

“किती पानं राह्यली?”

“वीस.”

“वाच. मी बसतो.”

महागावची तिसरी गाडी लागली आणि निघून गेली. ताई वाचत राहिल्या आणि साडू तासभर काहीही न विचारता फलाटाकडे बघत बसले. घरी परतताना त्यांनी एकच विचारलं, “तुले काय वाट्टे?” उत्तर काय मिळालं, ते मात्र आजतागायत त्यांनी मला सांगितलेलं नाही.

आता साडू निवृत्त आहेत. दर उन्हाळ्यात ताई महिनाभर माहेरी जातात आणि साडू आमच्याकडे जेवतात. वरणात पळी अजून तळापर्यंत फिरतेच. परवा मी गमतीनं विचारलं, ताई परत कधी येणार, काही फोन, काही चौकशी?

“येतो म्हणली होती,” ते म्हणाले आणि ताटाकडे बघत सावकाश भात कालवू लागले. “म्हणजे येईनच.”