परिषदेची फाईल

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतल्या फाईलवाल्या काकूंना परिषदेचं भारी वेड. परिषद एकच, वर्षातून एकदा दादरच्या हॉलमध्ये भरणारी, अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांसाठी. गंमत अशी, की जिच्यासाठी ती भरायची तिलाच घराबाहेर पाऊल टाकता यायचं नाही. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून माझी आई फार तर नळापर्यंत जायची, तेही जीव खोलीत ठेवून.

काकूंच्या सासूबाईही वर्षानुवर्षं पडून होत्या. त्या गेल्या तेव्हा काकू आईला म्हणाल्या, "मी आता मोकळी. तुमच्या वाटचं मी ऐकून येते गो." तेव्हापासून संयोजकांशी हुज्जत घालून त्या न आलेल्या प्रत्येकीसाठी एकेक फाईल आणायच्या.

ती नुसती हातात ठेवायच्या मात्र नाहीत. "दारात टाकून जायला मी काय पेपरवाली आहे?" असं म्हणत थेट पलंगाच्या कडेला बसायच्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते बाबांनाच वळवून दाखवायच्या.

एका वर्षी कुणा डॉक्टरांनी रुग्णाशी बोलत राहा असं सांगितलं. झालं! काकूंनी बाबांना अख्खी फाईल वाचून दाखवली, कार्यक्रमपत्रिकेसकट. "साडेदहा, दीपप्रज्वलन. पावणेअकरा, पाहुण्यांचं स्वागत. आमचं कुणी केलं नाही हो भाऊ, चहासुद्धा गार होता." बाबा अर्ध्या तोंडाने हसले. आई किती दिवस ते हसू सगळ्यांना सांगत होती.

मला काकू फार आवडायच्या. त्या आल्या की तासभर तरी आई एकटी नसायची, आणि तिला फाईलपेक्षा त्याचीच गरज होती.

गेल्या वर्षी परिषदेच्या तोंडावर बाबा गेले. काकू तरीही फाईल घेऊन आल्या आणि दारातच अडखळून आईला म्हणाल्या, "सवयीने उचलली गो, सुमन."

आईने ती घेतली, पदराने पुसली. "काकू, आता पुढच्या वर्षी मलाही तुमच्याबरोबर येता येईल," ती म्हणाली, आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा रडली. काकू तिला धरून नुसत्या बसून राहिल्या.

यंदाची परिषद भरायच्या आत काकूही गेल्या, झोपेतच. परिषदेच्या दिवशी आई चांगली साडी नेसून तयार झाली. तिला अडवणारं घरात आता कुणी नव्हतं. दुपारी मी घरी आलो, तर ती रिकाम्या पलंगावर बसून होती, पायांत चपला तशाच.