गच्चीवरची दुसरी तार

रायपूरच्या सदर बाजारातून आभाळाकडे बघत चालणारा आणि तरीही आजवर एकाही स्कूटरखाली न आलेला माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. लोक तिथे दागिने बघतात, साड्या बघतात, निदान समोरून येणारी गाय तरी बघतात. आमचे साडू बघतात ते गच्च्या, पाण्याच्या टाक्या, झाडांचे शेंडे आणि या सगळ्यांच्या मधली मोकळी जागा. "ते पाहा साडभाऊ, त्या टाकीपासून या पिंपळापर्यंत काय सुंदर तार बसली असती!" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जी हळहळ उतरते, ती मी एरवी फक्त चांगलं स्थळ हातचं गेलेल्या वधूपित्याच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. पिंपळ दुसऱ्याच्या अंगणात आहे आणि टाकी तिसऱ्याची आहे, ही अडचण त्यांना किरकोळ वाटते.

ते रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी रीतसर परवाना काढून हॅम रेडिओचा नाद लावून घेतला. म्हणजे घरात एक रेडिओ-संच ठेवायचा, गच्चीवर तार ताणायची आणि ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसाला इथून विचारायचं, की बाबा, माझा आवाज कसा येतोय? तोही उत्तर देतो, चांगला येतोय, माझा कसा येतोय? यात दोघांनाही अपार आनंद होतो. संच त्यांनी विकत घेतला आहे, पण तार मात्र स्वतःच्या हातचीच हवी. विकतची अँटेना लावणं म्हणजे बाजारचं लोणचं बरणीत भरून घरचं म्हणून वाढणं, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे जुन्या मोटारीतली तांब्याची तार, पाण्याच्या पाइपाचे तुकडे, दह्याच्या डब्यांची झाकणं असल्या वस्तू त्यांच्या घरात देवासारख्या जपल्या जातात. एकदा तारेची टोकं अडकवायला प्लास्टिकचे तुकडे कमी पडले, तर त्यांनी स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट करवतीने कापला. आमची ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, मेथीची जुडी घेऊन घरभर पाट शोधत होती, आणि पाट गच्चीवर चार तुकडे होऊन वाऱ्यात झुलत होता.

त्यांचं घर बूढापारा या जुन्या मोहल्ल्यात आहे. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे तारेचं एक टोक नेहमी कुणाच्या तरी हद्दीत जातं. शेजारच्या कडुनिंबावरून दोरी टाकायला ते गुलेल वापरतात. गुलेलीतून शिशाचा गोळा सोडायचा, गोळ्याला दोरा, दोऱ्याला दोरी आणि दोरीला तार. गोळा फांदीवरून पलीकडे पडला तर काम फत्ते. पण उन्हाळ्यात पलीकडच्या गच्चीवर शेजारीणबाईंची रखिया-बडी, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, वाळत असते, आणि आमच्या साडूंचा नेम फांदीपेक्षा बडीवर अधिक बसतो. "मराठी भैया, आज फिर बड़ी में गोला गिरा!" अशी हाक आली की ताई मुकाट्याने एक वाटी काहीतरी घेऊन शेजारी जाते आणि पडतं घेऊन येते. या देवाणघेवाणीतून दोन्ही घरांचा इतका जिव्हाळा जमला आहे, की एखाद्या उन्हाळ्यात गोळा पडला नाही तर शेजारीणबाईच भैयाची तब्येत विचारतात.

या सगळ्या उठाठेवीतून त्यांना मिळालेला खरा माणूस म्हणजे आसामातले मास्तर. निवृत्त शिक्षक, एकटे, पाय गेल्यामुळे अंथरुणाला खिळलेले. संच उशाशी, आणि तार कुण्या जुन्या विद्यार्थ्यांनी दोन सुपारीच्या झाडांना बांधून दिलेली. रोज सकाळी, चहा झाला की, आमचे साडू माइकचं बटण दाबतात आणि "मास्टरजी, सुप्रभात" म्हणतात. मग तिकडे पाऊस आहे का, इकडे ऊन किती, आज भाजी कसली, अशा गप्पा अर्धा तास चालतात. मी एकदा विचारलं, "अहो, त्यापेक्षा सरळ फोन का करत नाही?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "केला होता ना. दोन मिनिटांत दोघांचंही बोलणं सरलं. फोनवर कामाचं बोलतात साडभाऊ. आम्हाले काम कुठं आहे?"

या गप्पांमध्ये एकच विघ्न होतं, ते म्हणजे ताईचे कपडे. गच्चीवर साडूंच्या अँटेनेच्या मागे ताईची कपडे वाळत घालायची लोखंडी तार होती, तितकीच लांब, आणि लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासूनची. ओल्या कपड्यांनी सिग्नल बिघडतो असा साडूंचा ठाम सिद्धान्त होता. सकाळी मास्तरांची वेळ झाली की ते गच्चीवरून ओरडायचे, "अवो, चादरी काढ!" आणि ताई खालून म्हणायची, "काहून काढू? सांगा तुमच्या मास्तरले, आज आमच्याकडे चादरी आहेत म्हणून." आणि हे गृहस्थ खरोखरच सांगायचे. तिकडून मास्तर म्हणायचे, "सूखने दीजिए भाईसाहब, आपके यहाँ धूप अच्छी है। हमारे यहाँ तो कपड़ा सूखता ही नहीं।" मास्तर फितूर झाले, असं साडू नंतर कितीतरी वेळ म्हणत राहायचे.

मग ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिना चढणं बंद. कपडे खालीच व्हरांड्यात स्टँडवर वाळू लागले, आणि वर कुणी जातच नाही तर कशाला, म्हणून ताईने ती गंजलेली तार भंगारवाल्या कबाडीकडूनच उतरवून घेऊन त्याला देऊन टाकली. साडूंनी तर आनंदाने उसासा टाकला. विघ्न टळलं. आणि त्याच आठवड्यात मास्तरांचा आवाज गेला.

आधी तो खोल गेला, मग नुसती खरखर उरली. आमच्या साडूंनी काय काय केलं नाही! सांध्यांना पुन्हा डाख दिला, केबल बदलली, केबलीत पाणी शिरलंय म्हणून बदललेली केबलही बदलली. कडुनिंबाची फांदी छाटून घेतली. शेजाऱ्यांच्या दारावरची दिव्यांची माळ बंद करायला लावली. शेवटी त्यांनी सूर्यावर ठपका ठेवला. सूर्यावरचे डाग कमी झाले की लांबचे आवाज नीट येत नाहीत म्हणे. मी आपला त्यांच्याबरोबर सूर्याला नावं ठेवायचो. पण त्यांचं जेवण कमी झालं होतं, आणि त्याची चेष्टा मला करवेना. एक दिवस त्यांनी मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणाले, "मैं तो रोज़ बैठता हूँ भाईसाहब। ख़ाली सूँ-सूँ आता है।" फोन ठेवल्यावर साडू म्हणाले, "दिवसभरात त्याच्याशी दुसरं कोणी बोलत नाही, साडभाऊ. नर्स येते, थे सुई टोचून जाते." मला त्यांच्या छंदाचं इतकी वर्षं हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गच्चीवर होतो. ते मीटर धरून, मी दोरी धरून. जिन्याच्या पायथ्याशी काठी वाजली आणि ताईचा आवाज आला. "अहो, त्या मास्तरचा आवाज माही तार कबाड्याले देल्ली तेव्हापासूनच गेला. मी कवाची म्हणून राहिली, पण कोणी आयकते काय?"

साडू हसले. "कपड्याच्या तारेनं काय होते वं?" असं म्हणाले, आणि तोंड उघडं ठेवून थांबले. भिंतीत कपड्यांच्या तारेचे खिळे तसेच होते. त्यांनी या खिळ्याकडे पाहिलं, त्या खिळ्याकडे पाहिलं, मग आपल्या अँटेनेकडे पाहिलं. टाकीच्या कडेला बसून धुळीत बोटाने दोन रेघा ओढल्या. पुढची तार आवाज सोडते, आणि तिच्यामागे तितक्याच लांबीची दुसरी तार असली तर ती तो आवाज पुढच्या बाजूला ढकलते, आणि पुढची बाजू म्हणजे बरोबर आसाम. हे त्यांना पाठ होतं, दुसऱ्यांना शिकवतही होते. पण बायकोची कपडे वाळवायची तार ही तार असते, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते खाली उतरले, ताईकडे न बघता चपला घातल्या आणि हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकान बंद होतं, तर मालकाला घरून उठवून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत कामावर जाण्याआधी मुद्दाम तिकडे गेलो. खरखरीतून आधी खोकला आला, आणि मग स्पष्ट, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज आला. "आ गए! भाईसाहब, आ गए आप!" आमच्या साडूंचे डोळे भरून आले. ते माइक सोडून स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "अवो, तुही तार! तुही तार बोलून राहिली!"

"बोलू द्या," ताई आतून म्हणाली. "आता बांधलीच आहे तं कपडेही टाकत जा."

तेव्हापासून ते कपडे टाकतात. संचाला लांब वायर जोडून एक स्पीकर त्यांनी स्वयंपाकघरात नेला आहे, आणि मास्तर रोज "भाभीजी को प्रणाम, आधा एंटीना उनका है" असं म्हणूनच सुरुवात करतात. ताई पोळी लाटता लाटता नमस्कार करते, जणू ते दारात उभे आहेत.

या हिवाळ्यापासून मास्तरांचा आवाज पुन्हा बारीक येतो. संचावरचा, सिग्नलचा जोर दाखवणारा काटा मात्र पूर्वीसारखाच भरभरून उजवीकडे जातो. म्हणजे तारा ठीक आहेत, सूर्यही ठीक आहे. हे मला कळतं, तर आमच्या साडूंना काय कळत नसेल? पण ते उठतात, गच्चीवर जातात आणि दोन्ही तारा जरा ताणून बांधतात. मी एकदा त्यांना थांबवायला निघालो, तर ताईने माझा हात धरला. "जाऊ द्या भाऊजी. बांधू द्या त्याइले."

ते खाली येतात, बटण दाबतात आणि विचारतात, "मास्टरजी, अब कैसा आ रहा हूँ?" तिकडून आधी खोकला येतो, तो थांबता थांबत नाही. मग मास्तर म्हणतात, "बहुत अच्छा, भाईसाहब।" आमचे साडू समाधानाने आमच्याकडे वळतात.

"पाहिलं? तारेतच गडबड होती."

मी आणि ताई, दोघंही मान डोलावून "हव" म्हणतो.