टोळीची लेकरं आणि गावाचा मान

दिवाळीची रांगोळी पुसते न पुसते तोच ऊसतोडीची टोळी आमच्या गायरानात कोप्या घालायची. बांबूच्या कमानी वाकवायच्या, वर पाचट, त्यावर ताडपत्री, झालं घर. माणसं शेवगाव-पाथर्डीकडची, काही पार बीडकडची. म्हणजे निम्मी आपल्याच जिल्ह्यातली, तरी गावात त्यांना सगळे ‘बाहेरची’ म्हणायचे. काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला कुठून कुठून व्यापारी येतात, ते आमचे पाव्हणे, आणि आमचाच ऊस तोडून देणारी बाई बाहेरची! आता बोलून काय उपयोग म्हणा.

माझी पिठाची गिरणी समाजमंदिरासमोर. टोळीच्या बायका बाजरी दळायला यायच्या, तेव्हा कमरेवर एक लेकरू आणि पदराला एक. दिवस उगवायच्या आधीच त्या उसाच्या फडात जायच्या. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत चढवायच्या. लेकरं कोपीत झोपलेली तशीच मागं राहायची. एकदा मी एकीला विचारलं, "अगं, एवढुसं लेकरू एकटं टाकून जातीस, भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की माय," ती म्हणाली. "पर संगं नेलं तर ट्रॅक्टरचं भ्याव, ठिवलं तर चुलीचं. कुठं ठिवावं तुमीच सांगा."

मी तिचं पीठ डब्यात भरून दिलं.

मग एका वर्षी एक संस्था आली. या लेकरांसाठी पाळणाघर काढायचं म्हणाली. त्यांना फक्त जागा पाहिजे होती. सरपंच म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी समाजमंदिराची किल्ली दिली, शाल-नारळ झाला, फोटो निघाला. माणूस तसा वाईट नाही हो आमचा. फोटो निघत असला की त्याच्यासारखा दिलदार शोधून सापडायचा नाही.

संस्थेला गावातलीच एखादी शिकलेली बाई पाहिजे होती. ती माझी सून.

आता तिचं सांगायला पाहिजे. डी.एड. होऊन आली होती पोरगी. भरती निघायची आशा होती, ती काही निघाली नाही. लग्न झालं, पोरगा झाला, आणि हळूहळू ती गप्प होत गेली. भाकरी करायची, गोठा झाडायची, विचारलं तर "व्हय आत्या", "न्हाई आत्या", बस. मी गिरणीत बसून तिच्याकडं बघायची. सासूला सून गरीब गाय मिळाली म्हणून शेजारणी माझं कौतुक करायच्या. डोंबल कौतुक! बोलतं माणूस मुकं झालेलं घरात कुणाला बघवतं?

पाळणाघर सुरू झालं आणि महिन्याभरात ही बया गाणी म्हणायला लागली. लेकरांना आंघोळी घालायची, वेण्या घालायची, खिचडी भरवायची, मोठ्यांना पाटीवर गिरवायला बसवायची. स्वतःचा पोरगाही त्यांच्यातच. रात्री जेवताना घरात तिचीच बडबड. कोण आज पहिल्यांदा चाललं, कोण कुणाला चावलं. माझा मुलगा टेम्पो चालवतो, तो जेवता जेवता नुसता हसायचा. इतक्या वर्षांत मी त्या दोघांना एकमेकांकडं बघून असं हसताना पाहिलं नव्हतं.

आणि गावाचं काय झालं ते ऐका. आठवड्याला संस्थेची नर्स यायची, ती टोळीच्या बायकांसाठी. पण ती आलीच आहे तर म्हणून आमच्याही बायका पदर सावरत आत शिरायला लागल्या. माझी शुगर तिनंच काढली. मशिदीमागच्या घरातली एक सून पोटुशी होती, तिचं रक्त फार कमी निघालं, तिला नर्सनंच वेळेवर गोळ्या सुरू केल्या. कांदा लावायला, खुरपायला जाणाऱ्या गावातल्या बायका आधी बांधावर झोळी बांधायच्या. त्याही लेकरं आणून सोडायला लागल्या. माझी सून कुणालाच नाही म्हणाली नाही. संध्याकाळी लेकरं न्यायला आल्या की टोळीच्या आणि गावातल्या बायका एकाच पायरीवर टेकायच्या, एकमेकींच्या डोक्यातलं गवत काढायच्या. मी गिरणी बंद करून त्यांच्यात जाऊन बसायची. आमच्या गावात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं, हे आज खरं वाटत नाही.

कुरकुर होतीच. जागा गावाची तर गावाचं आधी बघा, असं पारावर बसणारे म्हणायचे. त्यांची स्वतःची नातवंडं आत खिचडी खात असायची, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं एकदा. तर म्हणे, बायकांनी यात पडू नये.

आणि आली संक्रांत.

आमच्याकडं संक्रांतीला बायका ववसायला देवळात जातात. सुगडात हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची कांडी, गाजर भरायचं, ते देवीपुढं ठेवायचं, मग एकमेकींना वाण देऊन ववसायचं. पण पहिलं सुगड मानाच्या घराचं. ते ठेवल्याशिवाय दुसरीनं हात पुढं करायचा नाही. तो मान आमच्या घराचा. थोरली म्हणून खरं तर माझा. पण दीर सरपंच झाले तेव्हापासून धाकट्या जावेनं तो आपसूकच घेतला, आणि मीही दिला. नवी पैठणी नेसून, नथ घालून ती अशी यायची की देवीनंच उठून नमस्कार करावा.

त्या वर्षी सुनेनं टोळीच्या बायकांनाही बोलावलं. त्याही सवाष्णीच की. त्या फडातून तशाच आल्या, हातपाय धुऊन, ठेवणीतली लुगडी नेसून. मुकादमानं त्यांना घटकाभरच सोडलं होतं, कारण फडात ट्रक भरायचा उभा होता. आम्ही देवळात थांबलो. जाऊबाईचा पत्ता नाही. थांबलो, थांबलो. तिकडून ट्रकचा हॉर्न वाजायला लागला. त्या बिचाऱ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या, एकजण सुगड पदराखाली झाकून परत निघाली.

माझी सून पुढं झाली. "मावशी, थांबा. तुमी आदी ठिवा. तुमची गाडी खोळंबलीया, आमाला काय, आमी हितंच हाय."

त्या बाईनं देवीपुढं सुगड ठेवलं. तिच्यामागं दुसरीनं. आणि तेवढ्यात दारात पैठणी.

पुढं मांडलेली ती साधी सुगडं जाऊबाईनं पाहिली, माझ्या सुनेकडं पाहिलं, आणि भरल्या सुगडानं माघारी वळली. संक्रांतीला भरलं सुगड न ववसता घरी नेलं! मी मागनं ओरडले, "अगं ये की, देवी काय पळून चाललीय का?" पण ती गेली. देवीपुढं जागा भरपूर होती, तेवढं मात्र कुणी बोललं नाही.

त्यानंतर जे झालं ते समाजमंदिराच्या नावाखाली झालं. ग्रामसभेत विषय निघाला की तरुण पोरांना व्यायामशाळा पाहिजे, हॉल मोकळा करावा. काल खिचडी खाऊन गेलेल्या नातवंडांचे आजोबा माना डोलवत बसले. ज्या बायकांची लेकरं तिथं होती त्या खाली बघत होत्या, कारण त्यांना याच घरांच्या शेतात कामाला जायचं होतं. त्यांना मी दोष देत नाही. मी उठले.

"भावजी, व्यायामशाळा कुनाला पायजे? ही पोरं मोबाईल उचलून दमत्यात!"

लोक हसले. दीर हसले नाहीत. "वहिनी, ही घरातली गोष्ट न्हाई, गावाची हाय."

"घरातलीच हाय की! तुमच्या बायकोचं नाक घरातलंच हाय न्हवं?"

आमच्या ह्यांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. ठराव पास झाला. सून मागं बायकांत उभी होती. घरी येऊन तिनं कणीक मळली, भाकरी नको म्हणाले सगळे म्हणून चपात्या केल्या, आणि त्या रात्रीपासून पुन्हा ते "व्हय आत्या", "न्हाई आत्या".

संस्था नदीपल्याडच्या गावात गेली. तिथल्या लोकांनी शाळेची जुनी खोली रंगवून दिली. संस्थेनं सुनेला बोलावलं, पण पाळणाघर उघडायचं तर टोळी फडात जायच्या आत उघडायला पाहिजे, आणि पुलावरून वळसा घालून त्या वेळेला रोज कसं पोचायचं? माझा मुलगा एक दिवस म्हणाला, "आई, टेम्पो काय, कुठूनबी चालतो." मी समजले. मीच त्यांची भांडी बांधून दिली. जाताना नातू माझ्या कडेवर होता, तो उतरायला तयार नव्हता, आणि मी त्याला चॉकलेट देऊन फसवून गाडीत बसवला. ती गाडी वळेपर्यंत मी रडले नाही. मग गिरणी चालू केली आणि मोकळी रडले. गिरणीच्या आवाजात बरं असतं.

पुढल्या हंगामाला टोळी आली, पण गायरानात उतरली नाही. बायकांनी मुकादमाला ऐकवलं होतं की लेकरं जिथं सांभाळतात तिथंच कोप्या घालायच्या. अड्डा नदीपल्याड पडला, त्यामुळं आधी तिकडची तोड. आमच्याकडं ऊस उभा. त्याला तुरे आले, वजन घटायला लागलं. टोळीकडून मिळणारं उसाच्या शेंड्यांचं वाढंही बंद, मग दावणीला घालायला हिरवं काही नाही. लोक कारखान्याला फेऱ्या मारून आले. आणि कांद्याची लागण आली तशा बांधावर पुन्हा झोळ्या दिसायला लागल्या. समाजमंदिराला कुलूपच होतं. व्यायामशाळेचं सामान काही आलं नाही.

एके दिवशी दीर गिरणीत आले. उभेच राहिले. मी म्हटलं बसा, तर बसले नाहीत. खिशातून किल्ली काढून पाटावर ठेवली. "वहिनी, तेवढं सूनबाईशी बोला. संस्थेला म्हनावं, परत या. टोळीबी येईल मग. झालं गेलं जाऊ द्या."

मला राग यायला पाहिजे होता. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. नातू घरी येणार! मी त्याच दुपारी एसटीनं गेले.

खोली स्वच्छ होती. लेकरं पंगतीनं बसली होती, टोळीची कोणती आणि गावाची कोणती ते मला ओळखता येईना. माझा नातू त्यांच्यात. त्यानं मला पाहून हात हलवला आणि परत ताटात घातला. सुनेनं मला पाट दिला, चहा टाकला. तीच ती बडबड, त्या दिवसांतली. मी किल्ली पुढं केली.

"भावजींनी हॉल उघडून दिलाय. तू ये आता घरी. पोराला घेऊन ये."

तिनं किल्लीकडं पाहिलं, हातात घेतली नाही. "आत्या, खरं सांगा. सरपंच नानांनी हॉल कशापायी उघडलाय? लेकरांसाठी का उसासाठी?"

इथं कुणीही शहाणी बाई ‘लेकरांसाठी’ म्हणाली असती. एक शब्द होता. तो म्हटला असता तर ती आली असती, माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता. आणि म्हणूनच तो मला म्हणवेना.

"उसासाठी," मी म्हणाले.

ती रागावली नाही. माझ्याजवळ खाली बसली, माझा हात धरला. "मग ऊस तुटला की परत कुलूप लागंल, आत्या. तवा ही लेकरं घिऊन मी कुठं जाऊ?"

मी किल्ली परत पदराला बांधली. चहा घेतला, नातवाचं तोंड पुसलं आणि निघाले.

घरी येऊन किल्ली दिरांच्या हातात दिली आणि म्हटलं, "ठिवा जपून. मानाच्या घरात शोभंल." वाटलं होतं, असं तोंडावर बोलून माझा जीव जरा थंड होईल. झाला नाही. त्यांनी मान खाली घातली, तेव्हा उलट वाईटच वाटलं.

नातू आता तिकडंच शाळेत जातो. सुट्टीत आला की पारावरची माणसं गंमत म्हणून त्याला विचारतात, "काय रे, कुठला तू?" तो नदीपल्याडच्या गावाचं नाव सांगतो. सगळे हसतात. मग कुणीतरी म्हणतं, "म्हंजी बाहेरचा की रं तू!" आणि तो मान हलवून हो म्हणतो.