व्हॉल्वला घातलेला कोट

"कोट काढला तो त्यानंच. 'काढ, काढ' म्हणत होता. अजून कानात घुमतंय माझ्या."

"त्यानं म्हणजे कुणी? नीट सांग ना, ताई."

"कुरकुऱ्यानं. दुसरं कोण असणार तिथं?"

धाकट्या भावानं मांडीवर थाप मारली आणि उठला. "बघतोच त्याच्याकडे."

"बस खाली," नवरा म्हणाला. हा शिंपी माणूस. दवाखान्यातल्या स्टुलावर बसूनही बोटांना चैन नव्हती, बायकोच्या चादरीची उसवलेली कड चिमटीत धरून दुमडत होता. "आधी तिला नीट आठवू दे. काल तिनं मला 'मामा' म्हणून हाक मारली."

बाई पाणीखात्यात पंप चालवायची. टेकडीवर टाकी, टाकीच्या पायथ्याशी मोठा व्हॉल्व आणि बरंच खाली पंपघर. गावानं तिला 'टाकीवाली' करून टाकलं होतं. लग्नपत्रिकासुद्धा त्याच नावानं यायच्या. बोलायला फटकळ, कामाला चोख. दुसऱ्या पाळीला जो माणूस होता, तो आला की पायरीवरूनच कण्हायचा, गुडघ्यापासून सरकारपर्यंत सगळ्यांच्या नावानं. म्हणून तो कुरकुऱ्या. दोघांचं कधी जमलं नाही. पाळी बदलताना तो आत आणि ही बाहेर, मध्ये फक्त शिव्यांची देवाणघेवाण.

गोठायची थंडी पडली की त्यांच्या कामाची एक रीत असते. व्हॉल्व किंचित ढिला ठेवून बारीक धार वाहती सोडायची, म्हणजे पाणी आत बसून बर्फ होत नाही. आणि उघड्या पाईपाला गोणपाट गुंडाळायचं. नाहीतर सकाळी पाईप फुटतो आणि अर्धं गाव रिकाम्या बादल्या घेऊन दारात येतं.

त्या रात्री बाईची पाळी होती. मोटार चालू करून तिनं पंपघराला कुलूप लावलं, मोबाईल आत चार्जिंगला, आणि वर गेली. दगडाखाली गोणपाटं असायची, ती नव्हती. कुरकुऱ्यानं दुपारी झोपायला पंपघरात नेली असणार, दुसरं काय! त्याच्या नावानं बोटं मोडत ती वळली, पायरीवर दव गोठून काच झालं होतं, आणि पाय सटकला. घोटा मुरगळला. हातातली किल्ली कुठंतरी गवतात गेली. हाका मारल्या, पण खाली मोटारीची घरघर. घरच्यांना वाटतंय बाई कामावर आहे, आणि बाई कामावरच होती की!

सरपटत ती व्हॉल्वपाशी गेली, कारण तिथं टाकीच्या भिंतीचा आडोसा होता. सवयीनं धार सोडली. धारेनं कपडे भिजले. हुडहुडी भरली, दात वाजायला लागले.

इथपर्यंत तिला लख्ख आठवत होतं. पुढचं मात्र भिजलेल्या पोथीसारखं, पानं एकमेकांना चिकटलेली. हुडहुडी थांबली, तेव्हा वाटलं, चला, थंडी ओसरली. मग उकडायला लागलं. मग कोणीतरी म्हणालं, "काढ तो कोट." आणि कुरकुऱ्याचं तोंड, अगदी जवळ.

"उकडलं?" भाऊ म्हणाला. "त्या थंडीत?"

"उकडतं," पलंगाशी उभी डॉक्टरीण म्हणाली. "अंग फार गार पडलं की डोकं चुकीचं सांगायला लागतं. माणसं स्वतःच कपडे काढून टाकतात. थरथर थांबली की लोक बरं झालं म्हणतात. ते बरं नसतं, बाई. तुम्ही थोडक्यात वाचलात."

"पण मी नाही काढला," टाकीवाली म्हणाली. मग स्वतःलाच विचारल्यासारखं, "काढला असता तर आठवलं नसतं?"

भावाचा हिशोब सरळ होता. सकाळी पाळीवर आलेल्या कुरकुऱ्यानंच आपण तिला शोधलं असं सांगितलं. तिचा कोट व्हॉल्वला गुंडाळलेला सापडला. गोणपाटं कुणी पळवली? त्यानं. पाईप फुटला तर नोकरी कुणाची जाणार? त्याची. म्हणजे रात्रीच आला, ताईला पडलेली बघितली, कोट ओरबाडला, पाईप झाकला आणि पळाला. शिवाय तिचे कपडे त्यानं बदलले, हे तो स्वतःच सांगत सुटला होता.

पाणीखात्याच्या साहेबांनीही निरोप धाडला होता: बाईंनी एक शब्द बोलावा, तो माणूस उद्यापासून घरी.

एक शब्द. तिच्या जिभेवर तो कधीचा तयार होता, पण ओठाबाहेर येईना. "मला आधी व्हॉल्व बघू द्या," ती म्हणाली.

दवाखान्यातून सुटली त्याच दिवशी ती नवऱ्याच्या खांद्याला धरून टेकडी चढली. भाऊ मागे, बाह्या सरसावून. व्हॉल्वपाशी कुरकुऱ्या बसला होता.

"कोटाला हात लावू दिला नाही कुणाला," तो म्हणाला. "थंडी हटली नाही अजून. काढला तर पाईप फुटेल, आणि मग त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर."

"तुम्ही मला 'काढ, काढ' म्हणालात की नाही?"

"म्हणालो. सकाळी. कपडे भिजून पत्र्यासारखे वाजत होते तुमचे. ओलं अंगावर राहिलं असतं तर मेला असतात. तुमची बोटं तर आकडा झालेली. शेवटी खाली पंपघरात नेऊन मीच काढले, डोळे मिटून, आईशप्पथ. त्यात एकदा डोकं आपटलं दाराला." त्यानं कपाळावरचं टेंगूळ दाखवलं. "पण कोट नव्हता हो अंगावर. तो इथं होता."

"खोटं बोलतोय," भाऊ गुरगुरला.

टाकीवाली खाली बसली. कोट पाईपावर होता, नवऱ्यानं शिवलेला, जाड अस्तराचा. सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कॉलर उभी केलेली. दोन्ही बाह्या मागून पुढं आणून गाठ मारलेली, टोक डावीकडं खोचलेलं, एका झटक्यात सुटेल असं.

ती डावखुरी. अशी गाठ त्या टेकडीवर दुसरं कोणी मारत नव्हतं. कुरकुऱ्यानं मारलेली गाठ म्हणजे विळ्यानंच कापायची.

तिनं बटणांवरून बोट फिरवलं. उभी कॉलर चाचपली. कुडकुडणाऱ्या पोराला घालावा तसा घातला होता कोणीतरी. कोणीतरी काय, तिनंच. आणि तरी आतून काही हलेना. हात तिचे, गाठ तिची, पण मारल्याचं काही आठवेना.

"मापात बसलाय," नवरा हळूच म्हणाला. "तुझ्यापेक्षा पाईपाला चांगला दिसतोय."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम येतात का, हेही तिला कळेना.

"घरी जा तू," ती भावाला म्हणाली. "आणि जाता जाता साहेबांना सांग, कोट माझा मीच काढला. कुणाचा दोष नाही."

"ताई, तुला आठवतंय का तरी?"

"नाही. पण गाठ माझी आहे."

भाऊ पाय आपटत गेला.

"आणि तुम्ही," ती कुरकुऱ्याकडे वळली, "गोणपाटं आणा. परत पाठीखाली घेतलीत तर तुम्हालाच गुंडाळीन पाईपाला."

"पाठ दुखते माझी. फरशी किती गार असते, तुम्हाला काय—" तो बोलता बोलता थांबला. तिला माहीत होतं. तो उठला, कण्हला आणि खाली गेला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तो सकाळी म्हणाला, ठीक आहे. पण रात्री 'काढ' कोण म्हणालं?"

"थंडी म्हणाली असेल."

"थंडीला काय तोंड असतं?" ती स्वतःशीच पुटपुटली.

गोणपाटं आली. तिनं टोक ओढलं, गाठ एका झटक्यात सुटली. कोट झटकून अंगात घातला. पाईपाच्या स्पर्शानं अस्तर गार झालं होतं. मग डाव्या हातानं पाईपाला गोणपाट गुंडाळलं, सुतळी बांधली, व्हॉल्वची चावी अर्धा आटा फिरवली आणि बारीक धार नीट वाहते का, हे बघायला कान लावला.