समोरच्या काकांची तालमीची वाईन

वाईनचा एक थेंबही न चाखता वाईनवर इतक्या अधिकाराने बोलणारा माणूस बडोद्यात आमच्या समोरच्या काकांशिवाय दुसरा नसेल. आणि बडोद्यात नसेल तर कुठेच नसेल, कारण बाकीच्या गावांत लोक आधी चाखतात आणि मग बोलतात.

काका गोरव्याच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासायचे. निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याकडचा टोमॅटो ते बोटांत फिरवून उजेडात धरतात, जिन्याचा कठडा रोज हलवून बघतात, आणि लग्नाला गेले की नवरानवरीकडे बराच वेळ टक लावून "जोड बरा बसलाय" किंवा "थोडा घासेल, पण चालेल" असा शेरा काकूंच्या कानात देतात. काकूंच्या कानात दिलेला शेरा पाचव्या रांगेपर्यंत ऐकू येतो. एका रिसेप्शनला नवरीच्या आईने तो ऐकला तेव्हा काकू आइस्क्रीम अर्धं टाकून त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. "अगं, घासेल म्हटलं, गळेल कुठे म्हटलं?" हा काकांचा बचाव होता.

या माणसाच्या मुलीने, म्हणजे आमच्या ताईने, इंजिनिअर होऊन नाशिकला वाईन करण्याच्या कारखान्यात नोकरी धरली. तेव्हा काका जे बोलले ते आमच्या घरापर्यंत आलं होतं. "माझ्या घरात दारू येणार नाही आणि दारू गाळणारीही येणार नाही!" ताई गेली. त्यानंतर ती काकूंशी फोनवर बोलायची आणि काका त्या वेळी शेजारच्या खोलीत पंख्याचा रेग्युलेटर तपासायचे. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की "नाशिकला असते, फळांचं काम आहे," एवढंच उत्तर मिळायचं. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे त्यांची मोठी सोय झाली होती. राज्याचा कायदा आणि काकांचा संताप एकाच बाजूला उभे होते. पुढे वर्षं गेली तसा संताप निघून गेला, पण कायदा उभाच राहिला, आणि काका त्याच्या आडून बाहेर कसं यावं या विवंचनेत असावेत असं मला वाटतं.

मग एका हिवाळ्यात काकूंच्या फोनवर ताईचा निरोप आला. दोन जातींच्या द्राक्षांची एक लाल वाईन तिने स्वतःच्या अंदाजाने मिसळून बनवली होती. किती हे, किती ते, सगळं तिनेच ठरवलेलं. ती पहिल्यांदा लोकांना चाखायला द्यायची होती. निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं, "बाबांना फावलं तर त्यांनीही यावं."

"मला काय फावायचंय," काका म्हणाले आणि संध्याकाळी आमच्या दारात उभे राहिले. "बेटा, तू इंग्लिश मीडियमची. जरा ये."

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला फ्रेंच येत असणारच असा काकांचा समज आहे. मी माणसांत फार बोलत नाही, त्यामुळे तो मला खोडताही आला नाही. इंटरनेटवर वाईनबद्दल जे काही इंग्रजीत सापडेल ते वाचून मराठीत सांगायचं, हे माझं काम ठरलं. कोणत्या वाईनबरोबर काय खावं यावर जगात लोक इतकं लिहितात हे कळल्यावर काका खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे हे जोड बसवणंच आहे!" ते म्हणाले. "एकाचा तुरटपणा, दुसऱ्याचं तेल. एकाचा आंबटपणा, दुसऱ्याचं मीठ. व्हॉल्व्ह आणि तो बसतो ती सीट!" मुलीसमोर जाऊन नुसतं "छान आहे" म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. तिच्या वाईनला नेमका कोणता घास बसतो हे शोधून, तो डब्यात भरून न्यायचा आणि तिच्यापुढे ठेवायचा, असा बेत ठरला. माफी मागायची ही पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

अडचण एकच होती. घास होते, वाईन नव्हती. काकांनी तीही बनवली. काकूंनी फ्रीजरमध्ये ठेवलेला जांभळाचा गर, त्यात कोकमाचं पाणी, आणि तोंड कोरडं पडावं म्हणून खूप उकळलेला कोरा चहा. याला ते "तालमीची वाईन" म्हणत. पातेलं गॅसवर चढलं की वरच्या मजल्यावरच्या मासी खाली डोकावायच्या. "भाई, आ शुं उकाळो छो? उधरसनी दवा?" खोकल्याचं औषध नव्हे, हे सांगायची कुणाचीच तयारी नव्हती, म्हणून काका खोकून दाखवायचे.

रोज संध्याकाळी दोन काचेचे ग्लास, दोन बशा, आणि मी. "तू बोलत नाहीस ना, म्हणून तुझी जीभ शाबूत आहे," असं माझ्या निवडीचं कारण काकांनी दिलं होतं. लिलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा, "ढिला" ठरला. बाकरवडी पहिल्या घासाला बसली आणि दुसऱ्याला "चढून बसली". खमणाने वाईनचा पार निकाल लावला. तिखटजाळ सेव-उसळीनंतर काकांनी आधी पाण्याचा तांब्या रिकामा केला. फतेगंजच्या बेकरीतून आणलेलं चीज त्यांना अजिबात आवडलं नाही, पण "जगाचं मत आहे, विचारात घेऊ," म्हणून त्यांनी ते दोनदा खाल्लं. काकू सोफ्यावर बसून हे सगळं बघायच्या आणि मधूनच उठून स्वयंपाकघरात जायच्या. "चाखून झालं असेल तर जेवायला बसा. नुसती चव घेऊन माणसं जगत नाहीत."

शेवटी जवळच्या पादरा गावचं एक चकचकीत काळं वांगं आलं. काकूंनी ते गॅसवर भाजलं, शेंगतेल, लसूण, मिरची घालून भरीत केलं. काकांनी घास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. डोळे न उघडताच ते म्हणाले, "बसलं." आणि मग अगदी हळू, "तिला लहानपणी फार आवडायचं."

आम्ही तिघं भाड्याच्या गाडीने सापुताऱ्याच्या रस्त्याने नाशिकला निघालो. काकांच्या मांडीवर भरताचा डबा, माझ्या मांडीवर तालमीच्या वाईनचा थर्मास. सीमा ओलांडून महाराष्ट्रात शिरल्यावर काकांनी डब्याचं झाकण तीनदा तपासलं. आता त्यांच्या बाजूने कायदाही नव्हता.

ताई कारखान्याच्या फाटकाशीच उभी होती. नखं जांभळी झालेली, पायांत रबरी बूट. इतक्या वर्षांनंतर काका मुलीशी पहिलं वाक्य बोलले ते असं, "रस्ता बरा होता." ताई म्हणाली, "हो, आता केलाय."

मग तिने ग्लासात वाईन ओतली. काकांनी सराव केल्याप्रमाणे ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेतला. त्यांचा सगळा चेहरा नाकाशी गोळा झाला. त्यांनी घाईघाईने डबा उघडून भरताचा घास खाल्ला आणि पुन्हा घोट घेतला. आता तर त्यांनी ग्लास टेबलावर ठेवूनच दिला.

"बसत नाही," ते म्हणाले.

कारखान्यात माल परत पाठवताना याच आवाजात बोलत असतील. काका स्वतःच इतके गोंधळले होते की आपण काय बोललो हे त्यांना कळलं नव्हतं. ताईला कळलं होतं. तिने ग्लास उचलला, "ठीक आहे बाबा," म्हणाली आणि तो आत न्यायला वळली. मला वाटलं, आता कुणीतरी बोलायला हवं. मी काकूंकडे पाहिलं. काकू कधी नव्हे ते भिंतीकडे बघत होत्या.

"ताई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. "काकांची तालीम ह्याच्यावर झालीय." आणि थर्मास पुढे केला.

ताईने स्वच्छ ग्लासात थोडं ओतलं. तिने ते आपल्या वाईनइतक्याच गंभीरपणे उजेडात धरलं, फिरवलं, हुंगलं. "जांभूळ," ती म्हणाली. "कोकम. कोरा चहा, बाबांनी केलेला, करपवलाय." मग घोट घेतला आणि तो तोंडात ठेवून ती क्षणभर थांबली. "आणि साखर. आई!"

"एवढीशी," काकू भिंतीला म्हणाल्या. "रोज. ह्यांची पाठ वळली की. इतकं तुरट माणसांनी काय प्यायचं?"

"आणि भरतात?"

"भरतात तर घालतातच!"

ताई हसायला लागली. हसता हसता तिने सांगितलं की घास गोड असला की त्यापुढे ही वाईन आंबट आणि कडू लागते. बडोद्याच्या घरात ही वाईन कशाबरोबरच बसणार नाही, कारण तिथे आमटीपासून चटणीपर्यंत साखर नाही असा पदार्थच नाही. काका हे सगळं मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी मान वर केली.

"म्हणजे माल बरोबर आहे," ते म्हणाले. "आमचं मापाचं गेज चुकलं."

आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास केलेला माणूस याहून जास्त काय बोलणार? ताईला ते पुरलं असावं, कारण ती वांगं आहे का बघायला म्हणून कारखान्याच्या स्वयंपाकघरात गेली आणि वांगं टोपलीत समोरच असूनही बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवशी बिनसाखरेचं भरीत झालं. काकांनी घास घेतला, घोट घेतला, पुन्हा थोडा चेहरा गोळा केला आणि म्हणाले, "थोडं घासतंय. बसेल."

पुढे काही दिवसांनी कुरियरने एक बाटली आली. कायद्याला धरून रिकामी, धुतलेली. मागच्या लेबलावर, जिथे सोबत काय खावं ते लिहितात तिथे छापलं होतं, "वांग्याचं भरीत. साखर नको." काकूंनी ते मोठ्याने वाचलं. "लेबल तिने लिहावं, भरीत मी करीन," म्हणाल्या आणि गॅसवरच्या भरतात चिमूटभर साखर घातली.

ताईला तिथून निघणं अजून फावलेलं नाही. हंगाम संपला की येते म्हणते. तोवर बाटलीत काका प्यायचं पाणी भरून ठेवतात, फ्रीजच्या दारात, अगदी पुढे, लेबल बाहेर करून. पाहुणे ती बघून दचकतात आणि भिडेपोटी काहीच विचारत नाहीत. काका पाणी ओततात, बाटली टेबलावर ठेवतात, थोडी फिरवून लेबल समोर करतात आणि वाट बघतात. मग ती पुन्हा फ्रीजमध्ये ठेवतात.

लोकांना प्रश्न विचारणं मला कधीच जमलेलं नाही. तरी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले आणि खोलीत कुणी पाहुणे बसलेले असले, की मी फ्रीज उघडते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "काका, ही बाटली कुणाची हो?"